शिंगं नसलेल्या शिंगवाल्यांचा प्रवास: आशियातून अमेरिकेत, आणि एकदा परतसुद्धा

खडकवेडा

नमस्कार मंडळी. पाकिटातलं एटीएम कार्ड काढून समोर ठेवा. त्याची लांबी ८५.६ मिलिमीटर असते. आज ज्या प्राण्याबद्दल लिहितोय, त्याची चोचीपासून मागपर्यंतची कवटी ८४ मिलिमीटर आहे, म्हणजे त्या कार्डाखाली झाकली जाईल एवढी. हा प्राणी ट्रायसेरॅटॉप्स या तीन शिंगांच्या डायनोसॉरच्या गोतातला. ट्रायसेरॅटॉप्सची कवटी अडीच मीटरपर्यंत भरते.

याचं नाव अ‍ॅक्विलॉप्स, म्हणजे गरुडमुख. १९९७ साली अमेरिकेत मोंटाना राज्यात स्कॉट मॅडसन यांना क्लोव्हर्ली नावाच्या खडकांमध्ये ही कवटी मिळाली. आधी ती दुसऱ्याच एका छोट्या शाकाहारी डायनोसॉरची वाटली होती. दगड कोरून हाड मोकळं झालं तेव्हा वरच्या जबड्याच्या टोकाला आकड्यासारखी वाकलेली चोच दिसली, आणि चोचीच्या मधोमध एक टेंगूळ. अँड्र्यू फार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये शोधनिबंध लिहून त्याचं बारसं केलं. वजनाचा अंदाज दीड किलोच्या आसपास, म्हणजे घरातल्या छोट्या मांजरापेक्षाही कमी. शिंग एकही नाही.

मग याला शिंगवाल्यांत कशाला घालायचं? तर त्या चोचीमुळे. या कुळातल्या प्रत्येकाच्या वरच्या जबड्याच्या पुढे एक जादा हाड असतं, जे दुसऱ्या कुठल्याही डायनोसॉरला नाही. आपण त्याला चोचहाड म्हणू. शिंगं आणि मानेवरची मोठी झालर फार पुढे आली, चोचहाड पहिल्यापासून आहे. चीनमधल्या शिंजियांगमध्ये सापडलेला यिनलाँग (नामकरण २००६) सुमारे १५.८ कोटी वर्षांपूर्वीचा. दोन पायांवर पळणारा, शिंग नाही, झालर नावापुरती. पण चोचहाड आहे.

अ‍ॅक्विलॉप्सचं वय १०.४ ते १०.९ कोटी वर्षं. अमेरिकेतून याआधी काही सुटे दात मिळाले होते, पण ज्याचा चेहरा ओळखता येईल असा उत्तर अमेरिकेतला या कुळाचा सगळ्यात जुना प्राणी हाच. आणि हाडांची वैशिष्ट्यं एकेक करून ताडून पाहिली, तर याचे जवळचे नातेवाईक मोंटानात नाहीत, अमेरिकेत कुठेच नाहीत. ते चीनमध्ये आहेत: लियाओनिंगचा लियाओसेरॅटॉप्स, गान्सूचे आर्किओसेरॅटॉप्स आणि ऑरोरासेरॅटॉप्स. सगळे छोटे, सगळे बिनशिंगाचे.

म्हणजे हे कूळ आशियात जन्मलं, तिथे चार-पाच कोटी वर्षं नांदलं, आणि साडेदहा कोटी वर्षांपूर्वीच्या आधी कधीतरी त्याची एक शाखा अमेरिकेत पोचली. वाट कुठली, तर आजची सायबेरिया-अलास्का. ही ओळख आहे, पुढचं तुमच्या प्रश्नांतून लिहीन.

मृण्मयी_के

वाचतेय! माझा मुलगा सात वर्षांचा आहे, गेलं वर्षभर घरात डायनोसॉरशिवाय दुसरं बोलणं नाही. कार्ड समोर ठेवून वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न आहे, "ते चालत गेले का पोहत?" आणि माझा प्रश्न, दीड किलोचा जीव एवढं अंतर जाईल कसा?

खडकवेडा

मृण्मयीताई, लेकाला सांगा, चालत. पण एकट्याने नाही.

इथे 'स्थलांतर' हा शब्द जरा घोटाळा करतो. स्थलांतर म्हटलं की आपल्याला उजनीला येणारे रोहित आठवतात, तोच पक्षी येतो आणि तोच परत जातो. हे तसं नव्हे. एका पिढीची पिल्लं आईबापांच्या जागेपासून थोडी पुढे जाऊन राहतात, त्यांची पिल्लं आणखी थोडी पुढे. गान्सू ते मोंटाना उत्तरेच्या वाटेने दहा हजार किलोमीटर धरू. कुळाची सीमा वर्षाला फक्त शंभर मीटर सरकली, तरी एक लाख वर्षांत पोचते. अ‍ॅक्विलॉप्सचं वय आपण १०.४ ते १०.९ कोटी म्हणतो, म्हणजे त्या आकड्यातलीच ये-जा पन्नास लाख वर्षांची आहे. सगळा प्रवास त्या फटीत पन्नास वेळा बसेल. एकाही प्राण्याला आपण प्रवास करतोय हे कळलं नसेल.

जुना_वाचक

उत्तम लेख. एक शंका. आपल्याला शाळेत बेरिंगचा भूसेतू शिकवला तो हिमयुगातला. बर्फात पाणी अडकलं, समुद्र खाली गेला, जमीन उघडी पडली, माणसं अमेरिकेत गेली. डायनोसॉरांच्या काळी तर बर्फ नव्हता म्हणतात. मग सेतू कुठून आला?

खडकवेडा

काका, नेमकं बोट ठेवलंत. तो सेतू वेगळा आणि हा वेगळा. क्रेटेशियस म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच वर होती. तेव्हाची जोडणी भूपट्ट सरकल्यामुळे झाली. अलास्का आणि ईशान्य सायबेरियाचे तुकडे साधारण त्याच सुमारास एकमेकांना येऊन भिडले. हवा उबदार होती, ध्रुवाजवळ जंगलं होती. चरत चरत जाता येईल अशी हिरवी वाट होती.

युरोपातून जायची वाट तेव्हा अवघड होती. आशिया आणि युरोप यांच्यामध्ये उरल पर्वताच्या पूर्वेला तुर्गाई नावाचा उथळ समुद्र पसरलेला असे. अ‍ॅक्विलॉप्सचे भाऊबंद चीनमध्ये मिळतात, युरोपात त्या वयाचे मिळत नाहीत, म्हणून कौल उत्तरेच्या वाटेला.

अनघा_त

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं खोलात विचारते. जीवाश्म सापडला नाही याचा अर्थ प्राणी नव्हता, असं आपण विद्यार्थ्यांना कधीच लिहू देत नाही. मग "आधी आशियात, नंतर अमेरिकेत" हे कशावरून? कदाचित अमेरिकेतही पंधरा कोटी वर्षांपूर्वी होते आणि आपल्याला मिळाले नाहीत.

खडकवेडा

या धाग्याचा कणाच या प्रश्नात आहे, म्हणून सावकाश उत्तर देतो.

कोरं पान आणि वाचून रिकामं निघालेलं पान यांत फरक असतो. यिनलाँगच्या जवळपासच्या काळातले अमेरिकेतले खडक म्हणजे मॉरिसन. कोलोरॅडो, वायोमिंग, युटाह असा त्यांचा पसारा. तिथे १८७७ पासून खोदकाम चालू आहे. स्टेगोसॉरस, अ‍ॅलोसॉरस, डिप्लोडोकस सगळे तिथले, आणि छोट्या चणीचे शाकाहारीही तिथे मिळाले आहेत. जवळजवळ दीडशे वर्षांत शिंगवाल्यांच्या कुळातला खात्रीचा एकही प्राणी नाही. चोचहाड इतकं वेगळं असतं की ते हाती आलं तर तज्ज्ञाच्या नजरेतून सुटणार नाही. एवढं शोधूनही सापडत नाही, तेव्हा त्या 'नाही'ला वजन येतं.

दुसरी गोष्ट, वंशवृक्ष. बुंध्याजवळच्या फांद्या एकेक करून पाहिल्या तर यिनलाँग, चाओयांगसॉरस, सिटॅकोसॉरस, लियाओसेरॅटॉप्स, सगळे आशियातले. अमेरिकन डहाळी त्यांच्यानंतर, मधूनच फुटते. मूळ अमेरिकेत मानायचं तर एवढ्या सगळ्या फांद्या स्वतंत्रपणे आशियात गेल्या आणि घरी एकही राहिली नाही असं मानावं लागेल.

उद्या मॉरिसनमध्ये एक चोचहाड मिळालं तर हे सगळं पुन्हा लिहावं लागेल. तशी तयारी ठेवूनच लिहितोय.

अनघा_त

पटलं. रिकाम्या पानाचा मुद्दा वर्गात वापरणार. आणि सिटॅकोसॉरसचं नाव घेतलंत म्हणून एक भर घालते. त्याचे शेकडो सांगाडे मंगोलिया, चीन, सायबेरिया इथून मिळालेत. अ‍ॅक्विलॉप्सच्या थोडं आधी आणि त्याच काळातही हा आशियात भरपूर होता, आणि तरी अमेरिकेत त्याचं एकही हाड अजून नाही. वाट उघडी असली म्हणून सगळेच जात नाहीत. कोण जातं आणि कोण राहतं, हा मला जाण्यापेक्षाही मोठा प्रश्न वाटतो.

खडकवेडा

+१. सायबेरियापर्यंत पोचलेला प्राणी पुढे का गेला नाही, याने मलाही अनेक वर्षं छळलंय.

वरोऱ्याचा_पोर

एक नंबर धागा. म्हणजे अ‍ॅक्विलॉप्स हा ट्रायसेरॅटॉप्सचा पणजोबा झाला, बरोबर ना?

खडकवेडा

नाही, आणि खरी गंमत इथूनच सुरू होते. अ‍ॅक्विलॉप्सची शाखा अमेरिकेत आली आणि, आज दिसतं त्यावरून, तिथेच संपली. तो पणजोबांचा चुलतभाऊ. ट्रायसेरॅटॉप्सचे खरे पूर्वज वेगळ्या खेपेला आलेले दिसतात.

किमान तीन खेपा तरी धराव्या लागतात. पहिली अ‍ॅक्विलॉप्सच्या लोकांची. दुसरी लेप्टोसेरॅटॉप्सच्या घराण्याची. हे ठेंगणे, जाड जबड्याचे, शेवटपर्यंत बिनशिंगाचे प्राणी. कॅनडात अल्बर्टामध्ये बार्नम ब्राऊन यांना १९१० मध्ये लेप्टोसेरॅटॉप्स मिळाला, आणि याच घराण्यातला उडानोसेरॅटॉप्स मंगोलियात आहे. तिसरी खेप मोठ्या शिंगवाल्यांच्या पूर्वजांची. न्यू मेक्सिकोतला झुनीसेरॅटॉप्स सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा. डोळ्यांवर खरीखुरी दोन शिंगं असलेला हा सगळ्यात जुन्यांपैकी एक. मृण्मयीताई, हे लेकाला जरूर सांगा: तो १९९६ मध्ये ख्रिस्तोफर वुल्फ नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला सापडला. प्राण्याच्या नावात त्याचं नाव आहे, झुनीसेरॅटॉप्स ख्रिस्तोफेरी.

त्याच वयाचा उझबेकिस्तानातला तुरानोसेरॅटॉप्सही शिंगवाला. म्हणजे मोठ्या शिंगवाल्यांचं मूळही आशियातच निघतं.

अनघा_त

सर, या शेवटच्या वाक्याला थोडं थांबवते. तुरानोसेरॅटॉप्सचे अवशेष तुकड्यातुकड्यांचे आहेत. २००९ मध्ये सूझ आणि अ‍ॅव्हेरियानोव्ह यांनी त्याला मोठ्या शिंगवाल्यांच्या खऱ्या कुटुंबात बसवलं, पण त्याच वर्षी फार्क आणि इतरांनी ते मान्य केलं नाही. त्यांच्या मते तो कुटुंबाच्या उंबऱ्याबाहेरचा. "निघतं" हे जरा घाईचं वाटतं.

खडकवेडा

मान्य, ताई. वाक्य असं वाचावं: मोठ्या शिंगवाल्यांचे जवळचे नातेवाईक ९ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही खंडांवर होते, आणि खरं कुटुंब जे फोफावलं ते अमेरिकेच्या पश्चिम पट्ट्यात.

जुना_वाचक

आणि तो गोबीच्या वाळवंटातला प्रोटोसेरॅटॉप्स? आमच्या लहानपणी पुस्तकांत तोच ट्रायसेरॅटॉप्सचा पूर्वज म्हणून छापलेला असायचा.

खडकवेडा

काका, त्या पुस्तकांचा दोष नाही. १९२२ मध्ये रॉय चॅपमन अँड्र्यूज यांची तुकडी आदिमानवाच्या शोधात मंगोलियात गेली आणि तिच्या छायाचित्रकाराला, शॅकलफर्डला, लाल कड्यांच्या कडेला ही कवटी दिसली. तेव्हा मधला दुवा म्हणून दाखवायला दुसरं होतंच काय? पण प्रोटोसेरॅटॉप्स सुमारे ७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी कॅनडात सेंट्रोसॉरससारखे पूर्ण वाढीचे शिंगवाले कळपाने फिरत होते. नातवाच्या वयाचा माणूस आजोबा कसा होणार? तो आशियात मागे राहिलेल्यांचा वंशज. चेहरा जुन्या वळणाचा, काळ मात्र नवा.

चुका याहून मोठ्याही झाल्यात. १८८७ मध्ये डेन्व्हरजवळ मिळालेल्या शिंगांच्या जोडीला मार्श यांच्यासारख्या नामवंत जीवाश्मतज्ज्ञाने प्राचीन गवा समजून 'बायसन' असं नाव दिलं. शिंगवाला डायनोसॉर कसा दिसतो हे जगाला ठाऊकच नव्हतं. दोनच वर्षांत, १८८९ मध्ये, ट्रायसेरॅटॉप्स हे नाव त्यांनीच दिलं.

कॅलगरीकर

धागा उशिरा पाहिला. मी अल्बर्टात राहतो. इथून उत्तरेला ग्रँड प्रेरीजवळ पाइपस्टोन क्रीकला पॅकिरायनोसॉरस या मोठ्या शिंगवाल्याच्या हाडांचा ढीगच्या ढीग आहे. १९७४ मध्ये एका शाळामास्तरांना सापडला, अल लाकुस्टा यांना, आणि त्या जातीला त्यांचंच नाव आहे. हाच प्राणी अलास्कातही मिळतो. कळप दर उन्हाळ्यात अलास्काला जायचे आणि हिवाळ्यात खाली यायचे, असं मी मुलांना सांगत आलोय. म्हणजे खरंखुरं, रोहितांसारखं स्थलांतर. हे बरोबर आहे का?

खडकवेडा

कॅलगरीकर, ही कल्पना बरीच वर्षं लोकप्रिय होती, पण आता तिच्या विरुद्ध बराच पुरावा आहे. अलास्कातला पॅकिरायनोसॉरस वेगळी जात ठरली, २०१२ मध्ये तिला पेरोटोरम नाव मिळालं, आणि काळही तुमच्या पाइपस्टोनच्या जातीपेक्षा अलीकडचा.

याहून पक्का पुरावा इवलासा आहे. अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला, प्रिन्स क्रीकच्या खडकांत, डायनोसॉरांच्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांची हाडं आणि दात मिळाले. माती चाळणीतून धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण निवडून. काही दात टाचणीच्या डोक्याएवढे. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्या पिल्लांत शिंगवाल्यांचीही आहेत.

आता याला दुसरा धागा जोडा. २०१७ मध्ये प्रोटोसेरॅटॉप्सच्या अंड्यातल्या गर्भाचे दात कापून त्यांतल्या वाढीच्या रेषा मोजल्या गेल्या. झाडाच्या खोडात वर्षाची रेघ पडते तशी दातात दिवसाची पडते. त्यावरून अंडं उबायला सुमारे ८३ दिवस लागत असं निघालं. म्हणजे जवळजवळ तीन महिने अंड्यात. ध्रुवाजवळचा उन्हाळा तो केवढा! अंडी घालून, उबवून, तळहातावर मावणारी पिल्लं घेऊन हिवाळ्याआधी हजारो किलोमीटर दक्षिणेला जायचं, हे जमणारं दिसत नाही. ते तिथेच राहत होते. महिनोन्‌महिने सूर्य उगवत नसताना.

आणि म्हणूनच मला ती उत्तरेची वाट खरी वाटते. जो प्राणी ध्रुवाच्या अंधारात पिल्लं वाढवू शकतो, त्याला बेरिंगची जमीन म्हणजे धावत ओलांडायचा पूल नव्हे. ते त्याचं राहतं घर. आजी तिथली, आई तिथली, आणि एक नात जरा पूर्वेला. अ‍ॅक्विलॉप्सच्या काळातला असा ध्रुवीय पुरावा वेगळा शोधावा लागेल, हे इथेच नोंदवतो. अलास्काची ही हाडं त्याच्यानंतर साडेतीन कोटी वर्षांची आहेत.

कॅलगरीकर

वाचून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. आमच्याकडे डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो तर जीव नकोसा होतो. मुलांना आज रात्री दुरुस्ती सांगतो.

मृण्मयी_के

"परतसुद्धा" असं शीर्षकात आहे, त्याचं काय झालं?

खडकवेडा

राहिलंच की! चीनच्या शान्डाँग प्रांतात झुचेंग इथे सायनोसेरॅटॉप्स मिळाला, नामकरण २०१०. हा नाकावर शिंग आणि झालरीच्या कडेला आकडे असलेला पूर्ण वाढीचा मोठा शिंगवाला. त्याच्या कुटुंबाची बाकी सगळी खात्रीची मंडळी उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला. म्हणजे पूर्वज आशियातून गेले, अमेरिकेत त्यांना शिंगं आणि आकार आला, आणि सुमारे सव्वासात कोटी वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्यातले काही त्याच वाटेने माहेरी आले.

आणि हंगेरीलाही एक आहे. इहारकूटच्या खाणीत मिळालेला आयकासेरॅटॉप्स, २०१०. तेव्हाचा युरोप म्हणजे बेटंच बेटं. त्याच्या तुटक्या चोचीवरून बराच वाद झालाय, पण त्याला आशियाई नातेवाईक मानलं तर बेटाबेटांनी पश्चिमेलाही एक वाट होती.

जपानची भर अलीकडची. ह्योगो प्रांतातल्या सासायामा इथून एक छोटा बिनशिंगाचा प्राणी २०२४ मध्ये जाहीर झाला, सासायामाग्नोमस. वय सुमारे ११ कोटी, आणि विश्लेषणात तो अ‍ॅक्विलॉप्सच्या शेजारी बसतो. तेव्हा जपान हे बेट नव्हतं, आशियाच्या पूर्व काठालाच चिकटलेलं होतं. गान्सू ते मोंटाना या लांब रेषेत पूर्वेकडचा एक खुंटा आपल्याला मिळाला.

वरोऱ्याचा_पोर

सर, आता आपल्याकडचं विचारतो. माझ्या गावापासून पिजदुरा जवळ आहे. लहानपणी शेतात दगडासारखी हाडं पाहिलीत. तिथे शिंगवाला मिळेल का कधी?

खडकवेडा

तुझ्या तालुक्याचा मला हेवा वाटतो. पिजदुरा आणि डोंगरगाव ही नावं जगभरच्या डायनोसॉर-अभ्यासकांना माहीत आहेत. डोंगरगावचा लांब मानेचा इसिसॉरस १९९७ मध्ये वर्णिला गेला. पिजदुऱ्याच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाले, २००५ मध्ये, आणि डायनोसॉरांच्या काळी गवत होतं हे त्यातून कळलं.

पण शिंगवाला भारतात खात्रीने कुठेच मिळालेला नाही, आणि कारण याच धाग्यात आहे. हे कूळ उत्तरेच्या जमिनींवर वाढलं. आपला भारत तेव्हा गोंडवन या दक्षिणेच्या जुन्या महाखंडातून सुटलेला. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून तुटला आणि एकटाच समुद्रातून वर सरकत होता. आशियाला भिडला तोवर डायनोसॉर संपून काळ लोटला होता. म्हणून आपल्या हाडांचे सोयरे मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत मिळतात, मंगोलियात नाहीत.

एक कळकळीची विनंती. हाड दिसलं तर उचलू नकोस. फोटो काढ, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, जागा टिपून ठेव, आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळव. थरातून निघालेलं हाड किती जुनं आणि कुणाच्या शेजारी होतं, ते पुन्हा सांगता येत नाही. अ‍ॅक्विलॉप्सची कवटी कुणी खिशात घालून नेली असती तर एक शोभेचा दगड उरला असता. ती कुठल्या थरात होती हे माहीत आहे म्हणून तिच्यावरून दोन खंडांबद्दल बोलता येतं.

वरोऱ्याचा_पोर

कळलं सर. दिवाळीत गावी जातोय. शेत आत्याचं आहे, तिलाही हे वाचून दाखवतो. नांगरताना निघालेले दगड ती बांधावर रचून ठेवते.

खडकवेडा

बांधाचे फोटो नक्की टाक. आणि कुठला दगड कुठल्या वावरातून निघाला हे आत्यांना आठवत असेल, तर त्यांच्या शेजारी बसून आधी ते लिहून घे.

मृण्मयी_के

लेकाने कार्ड कागदावर ठेवून पेन्सिलीने कड गिरवली, आत चोच आणि टेंगूळ काढलं. मग अडीच मीटर मोजायला टेप घेतली. हॉलच्या भिंतीपासून सुरू केलं ते टोक स्वयंपाकघराच्या दारात आलं. आता तिथे खडूची रेघ आहे आणि ती पुसायची नाही असा हुकूम आहे. तो विचारतोय, झुनीसेरॅटॉप्सची रेघ कुठे मारू?

खडकवेडा

त्याला सांगा, दोन्हींच्या मध्ये, पण कार्डाच्या जास्त जवळ. तो ट्रायसेरॅटॉप्सपेक्षा बराच लहान होता. आणि त्या रेघेवर दोन शिंगं काढायला विसरू नको म्हणावं, डोळ्यांच्या वर. नाकावर नाही.